बारा सेंटिमीटर पाण्याचा जोर

अहमदपूर तालुक्यातल्या माणसाला अडल्यानडल्या दुखण्यात पहिला प्रश्न पडतो तो लातूर की नांदेड. चाकूरवरून लातूर, लोह्यावरून नांदेड. दोन्ही सत्तर किलोमीटरच्या आसपास. लातुरात १९६६ पासूनचं विवेकानंद रुग्णालय आहे, विलासराव देशमुखांच्या नावाची सरकारी वैद्यकीय संस्था आहे. नांदेडला विष्णुपुरीत शंकरराव चव्हाणांच्या नावाचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि डॉक्टर लेनमध्ये पाटीला पाटी लागून दवाखाने आहेत. मी नांदेडला एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. त्यामुळे वडिलांना, म्हणजे अण्णांना, माझ्याकडेच आणावं असं मला वाटत होतं. पण मध्यरात्री जी गाडी मिळाली तिच्या ड्रायव्हरला लातूरचा दवाखाना पाठ होता, आणि भावाने विचार करत न बसता लातूर गाठलं. तेच बरं झालं, कारण त्या रात्री अण्णांना एकेका वाक्यात दोनदा थांबावं लागत होतं.

दुखणं काही एका रात्रीत आलेलं नव्हतं. कितीतरी दिवस ते उताणे झोपत नव्हते. आधी दोन उश्या, मग तीन, मग भिंतीला पाठ लावून बसणं. झोपेतून दचकून उठायचे आणि ओट्यावर येऊन वाऱ्याकडे तोंड करून बसायचे. घोट्यावर बोट दाबलं की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. घरात कुणी याला गॅस म्हणालं, कुणी वय म्हणालं. त्रेसष्टाव्या वर्षी ते अजून स्वतः सोयाबीन पेरत होते, त्यामुळे हृदयाचं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही.

डॉक्टरांनी इकोचा कागद समोर धरून सांगितलं, ‘हार्टचं पंपिंग कमी झालंय. अठ्ठावीस टक्के.’ मला वाटलं, शंभरातले अठ्ठावीस. नंतर कळलं की धडधाकट हृदयसुद्धा डाव्या कप्प्यातलं सगळं रक्त एका ठोक्यात बाहेर टाकत नाही. पंचावन्न ते सत्तर टक्के टाकलं की झालं. अण्णांचं त्याच्या निम्म्यावर आलं होतं. पुढे न गेलेलं रक्त मागे तुंबतं, फुफ्फुसांतल्या केशवाहिन्यांवर दाब वाढतो आणि पाणी झिरपून फुफ्फुसं ओली होतात. आडवं झालं की पायांकडचं पाणीही वर येतं, म्हणून झोपलं की जास्त दम. भावाने तोवर दोनदा विचारलं होतं, ‘ताकदीचं सलाईन लावता का?’ आपल्याकडे अशक्त माणसाला सलाईन हा समजच पक्का. डॉक्टरांनी त्याला शांतपणे समजावलं की या आजारात शिरेतून पाणी चढवणं म्हणजे बुडत्याच्या अंगावर आणखी पाणी ओतणं. उलट लघवीचं इंजेक्शन सुरू झालं. रोज सकाळी वजन, दिवसभराच्या पाण्याचं आणि लघवीचं माप, जेवणात मीठ जवळजवळ नाही.

आयसीयूच्या बाहेर बसून मी फोनवर वाचत होते, आणि वाचून धीर येण्याऐवजी जात होता. २०१३ साली तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या दवाखान्यांनी मिळून हृदय कमजोर झालेल्या १२०५ रुग्णांची नोंद ठेवली. सरासरी वय एकसष्ट, म्हणजे पाश्चात्त्य देशांतल्या रुग्णांपेक्षा साधारण दहा वर्षांनी कमी. वर्षभरात त्यांतले दहापैकी तीन गेले. माझ्या वडिलांच्याच वयाचे लोक. हे वाचल्यावर मी एकच ठरवलं होतं, की यापुढे अण्णांनी बोटसुद्धा उचलायचं नाही. आराम, फक्त आराम.

त्यामुळे जनरल वॉर्डात आल्यावर फिजिओथेरपीच्या मॅडम खाटेशी येऊन ‘काका, उद्यापासून आपण श्वासाचा व्यायाम करायचा’ म्हणाल्या, तेव्हा मला ते पटलंच नाही. नाकातली ऑक्सिजनची नळी आदल्याच दिवशी निघाली होती. धाप लागते म्हणून दवाखान्यात आणलेल्या माणसाला आणखी जोर लावून श्वास ओढायला लावायचा, यात कुठलं शहाणपण? अण्णाही माझ्याकडे बघून म्हणाले, ‘दम लागू लालाय म्हणून इथं आलो, आन् ही लेक आणखी दम काढाय लावू लालीय.’ मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि आमच्या हातात एक उपकरण दिलं.

बोटभर लांबीची, पारदर्शक प्लॅस्टिकची जाड नळी. एका टोकाला तोंडात धरायचा चपटा तुकडा. नळीच्या आत झडप, आणि झडपेवर स्प्रिंग. टोकाची फिरकी फिरवली की स्प्रिंग आवळते किंवा सैल होते आणि नळीच्या अंगावरच्या आकड्यांवरून खूण सरकते. आकडे नऊपासून एक्केचाळीसपर्यंत. श्वास सोडताना हवा मोकळी बाहेर जाते. ओढताना मात्र, स्प्रिंगने मागितलेला जोर आपण लावला तरच झडप उघडते. हळू ओढा नाहीतर भरभर, जोर तेवढाच लागणार. कमी पडला तर हवाच येत नाही. हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. म्हणजे आधीच गुदमरणाऱ्या माणसाच्या श्वासाच्या वाटेवर आपण होऊन दार लावायचं!

पण त्याआधी मोजणी झाली. हातात मावणाऱ्या एका मीटरला नळी लावून अण्णांच्या तोंडात दिली, नाकाला चिमटा. ‘सगळी हवा सोडा काका, पोट पार आत जाईस्तोवर. आता ओढा, ओढा, ओढा!’ मीटरमध्ये वाट बंद असते, त्यामुळे हवा येत नाही. छाती किती जोराने ओढ घेते एवढंच दिसतं. मधे मधे विश्रांती देऊन हे पुन्हा पुन्हा करायचं आणि सगळ्यांत चांगला आकडा धरायचा. अण्णांचा चाळीस आला. मॅडम म्हणाल्या, या वयाच्या निरोगी पुरुषाचा साधारण दुप्पट यायला हवा. आजवर मला अण्णांचं रक्तदाबाचं माप माहीत होतं, साखरेचं माहीत होतं. श्वास ओढणाऱ्या स्नायूंनाही ताकद असते, ती मोजता येते आणि ती अर्ध्यावर येऊ शकते, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. इतक्या डॉक्टरांच्या पायऱ्या चढलो, पण कुणाच्या कागदावर हा आकडा नव्हता.

चाळीस कशाचे, हेही विचारून घेतलं. सेंटिमीटर पाण्याचे. एखादी नळी पाण्यात बुडवून तोंडाने ओढ घेतली तर पाणी नळीत जितकं चढेल तितका तो जोर. अण्णांना सुरुवातीला चाळीसच्या तीस टक्के, म्हणजे बारा सेंटिमीटर दिले. उसाच्या रसाच्या ग्लासातली स्ट्रॉ साधारण वीतभर असते. रस ओठांपर्यंत आणायला लागतो त्यापेक्षाही हा जोर कमीच. फरक इतकाच की तो प्रत्येक श्वासाला, पूर्ण छाती भरेपर्यंत टिकवायचा. हे कळल्यावर माझा जीव थोडा भांड्यात पडला. बारा म्हणजे दार बंद करणं नव्हतं.

मग मी मॅडमना माझा खरा प्रश्न विचारला. बिघाड हृदयात आहे, तर व्यायाम श्वासाला का? त्यांनी वॉर्डातल्या गडबडीतही वेळ काढून जे सांगितलं आणि नंतर मी ग्रंथालयात जे वाचलं, ते एकत्र करून लिहिते.

श्वास फुफ्फुसं ओढत नाहीत. ती नुसत्या पिशव्या. ओढण्याचं काम छाती आणि पोट यांच्या मधल्या घुमटासारख्या पडद्याचं, डायफ्रामचं. त्याला बरगड्यांमधल्या स्नायूंची साथ. हा पडदा जन्मापासून एक क्षण थांबत नाही. हृदय कमजोर झालं की त्याचे दोन्हीकडून हाल होतात. फुफ्फुसं ओली आणि कडक झाल्यामुळे प्रत्येक श्वासाला त्याला जास्त राबावं लागतं, आणि राबण्यासाठी लागणारं रक्त मात्र हृदय पुरवू शकत नाही. त्यात खाणं कमी, दिवसचे दिवस खाटेवर. हातापायांचं मांस झडलेलं आपल्याला दिसतं, पण या पडद्याचं कुणाला दिसत नाही.

याच्या पुढची गोष्ट मला सगळ्यांत नवी होती. श्वासाचे स्नायू थकू लागले की शरीर आधी त्यांना सांभाळतं आणि हातापायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळून घेतं. धडधाकट माणसात हे जोराच्या व्यायामात घडतं. हृदय थकलेल्यात चार पावलांत घडू शकतं. अण्णा कित्येक दिवस म्हणत होते, ‘छातीपेक्षा पायच जड पडू लालेत.’ आम्ही पायांना तेल चोळत होतो. पाय जड पडण्याचं एक कारण वर, बरगड्यांच्या खाली असू शकतं, हे तेव्हा कसं सुचणार? पडद्यात ताकद आली की तो उशिरा थकतो आणि पायांचं रक्त पायांना जास्त वेळ मिळतं. श्वासाच्या व्यायामाने चालणं सुधारतं, ते या वाटेनेही.

आरामाबद्दलची ही समजूत मात्र माझ्या एकटीची नव्हती. एके काळी डॉक्टरच हृदयाच्या रुग्णाला आठवडेच्या आठवडे खाटेवर सक्तीने झोपवून ठेवत. १९५२ साली बॉस्टनच्या सॅम्युएल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाउन यांनी झटका आलेल्या रुग्णांना खाटेवरून उचलून आरामखुर्चीत बसवायला सुरुवात केल्याचं लिहिलं, तेव्हा नुसतं खुर्चीत बसवणं हेसुद्धा धाडस होतं. तिथपासून अलीकडे यायला किती वर्षं लागली बघा: हृदय कमजोर होऊन दाखल झालेल्या वृद्धांना दवाखान्यातच, किंवा सुट्टी होताच लगेच, ताकद, तोल आणि चालण्याचे व्यायाम देऊन बघणारा अमेरिकेतला मोठा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. ३४९ रुग्ण होते. त्यांची हालचाल स्पष्ट सुधारली. पुन्हा दाखल व्हायचं प्रमाण मात्र ठळक कमी झालं नाही. हेही सांगायला हवं, कारण व्यायाम म्हणजे चमत्कार असं मला कुणाच्या मनात भरवायचं नाही.

श्वासाच्या स्नायूंवरचं मी वाचलेलं नावाजलेलं काम ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहरातलं, २००६ चं. ज्यांचे श्वासाचे स्नायू कमजोर असल्याचं मोजून ठरलं असे बत्तीस रुग्ण घेतले. निम्म्यांना ताकदीच्या तीस टक्के जोर, रोज अर्धा तास, बारा आठवडे; उरलेल्यांना तसंच उपकरण, पण जोर न लावलेलं. जोर लावणाऱ्यांची श्वासाची ताकद दुपटीच्या वर गेली आणि सहा मिनिटांत चालून होणारं अंतर एकोणीस टक्क्यांनी वाढलं. बत्तीस ही संख्या लहानच. शिवाय ते लोक घरी राहून व्यायाम करणारे, स्थिर झालेले होते. वॉर्डात खाटेवर असलेल्यांवर त्या मानाने कमी काम झालं आहे. मॅडमनी हे आपण होऊन सांगितलं, म्हणून माझा त्यांच्यावर जास्त विश्वास बसला. ‘इथं आपण फक्त सुरुवात करतोय,’ त्या म्हणाल्या. ‘खरा व्यायाम घरी आहे.’

सुरुवात मात्र सोपी नव्हती. अण्णांचे पुढचे दोन दात पडलेले. नळी तोंडात धरली की ओठांच्या फटीतून हवा शिरायची आणि झडप उघडायचीच नाही. मॅडमनी दोन्ही गाल बोटांनी आत दाबून ओठ मुडपून धरायला शिकवलं. मग लक्षात आलं की ते खांदे वर उचलून श्वास घेतायत, गळ्याच्या शिरा ताठ होतायत आणि पोट हलतच नाही. मॅडमनी पांघरूण बाजूला केलं तर कमरेचा करगोटा इतका घट्ट की त्याचा वळ उमटलेला. करगोटा सैल केला, पायजम्याची नाडी सैल केली, पाठीशी उशी देऊन बसतं केलं, आणि अण्णांचाच हात त्यांच्या पोटावर ठेवला. ‘हा हात पुढं ढकलायचा, काका. खांदे नाही.’ पुढच्या ओढीला झडप फस्स करून उघडली. तो आवाज ऐकून अण्णांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी किती दिवसांत बघितलं नव्हतं. आजारपण सुरू झाल्यापासून सगळं त्यांना केलं जात होतं: सुई टोचली जात होती, लघवी मोजली जात होती, घास भरवला जात होता. ही पहिली गोष्ट त्यांनी स्वतः केली.

थोडे श्वास, मग विश्रांती, पुन्हा थोडे. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावलेला असायचा. प्रत्येक फेरीनंतर मॅडम विचारायच्या, ‘शून्य ते दहात सांगा, दम किती लागला?’ अण्णा आकड्यात कधीच उत्तर देत नसत. ‘खुरपं घेऊन सरी धरल्यावाणी,’ म्हणायचे. एकदा म्हणाले, ‘पोतं पाठीवर घेऊन गाडीत टाकल्यावाणी.’ मॅडम पहिल्याला तीन लिहायच्या, दुसऱ्याला सात, आणि सात आला की त्या वेळचा व्यायाम तिथेच थांबायचा. मला त्यांची ही रीत फार आवडली. त्या लातूरच्याच, शिकल्याही तिथेच. सरी धरणं म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागलं नाही. माझ्या मते या व्यायामात उपकरणाइतकंच हे समजणारं माणूस लागतं.

शेजारच्या खाटेवर बायपास झालेले एक गृहस्थ होते, त्यांच्याकडे तीन रंगीत गोळ्यांचं उपकरण. ओढलं की गोळ्या वर चढतात. माझ्या भावाला ते जास्त भावलं. दिसतं तरी काहीतरी, आणि मेडिकलमध्ये स्वस्तात मिळतं. अण्णांनाही तेच द्या, असं तो म्हणाला. मॅडमनी फरक सांगितला. गोळ्यांचं उपकरण फुफ्फुसं पूर्ण फुलावीत, भूल दिल्यानंतर त्यांचे कोपरे मिटून राहू नयेत म्हणून असतं. हवा किती वेगाने आली हे ते दाखवतं. स्नायूवर ठरावीक भार ते टाकत नाही. शेजारच्यांना ते हवं होतं, अण्णांना दुसरं.

भावाचा पुढचा प्रश्न होता, ‘मग प्राणायामच करू की!’ टीव्हीवर बघून तो रोज करतो. मॅडमचं उत्तर असं की सावकाश, खोल श्वास ठीक आहे, पण श्वास कोंडून धरणं आणि पोट हिसकून भराभर श्वास सोडणं सध्या अजिबात नको. छातीतला दाब असा खालीवर होणं थकलेल्या हृदयाला झेपणार नाही. ग्रंथालयात या वाटेने शोधताना मला स्वामी कुवलयानंद भेटले, म्हणजे मूळचे जगन्नाथ गणेश गुणे. त्यांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक काढलं. उड्डियान आणि नौली करताना शरीरातल्या पोकळ्यांत दाब किती उतरतो हे त्यांनी नळ्या आणि दाबमापक लावून मोजलं, क्ष-किरणांनी पाहिलं. शंभर वर्षांपूर्वी आपल्याच माणसाने श्वासाला मोजमापाच्या टेबलावर आणलं होतं. श्वासाच्या बाबतीत आपल्याकडे श्रद्धा भरपूर आहे. मोजायची ही दुसरी परंपरा मात्र आम्ही घरात कधी आणली नाही. अण्णांच्या खाटेशी बसून मला ती जास्त गरजेची वाटली.

एका सकाळी वजन एकदम वाढलेलं निघालं, पाय पुन्हा फुगले, रक्तदाब खाली. मॅडम आल्या, कागद पाहिला आणि उपकरण उघडलंही नाही. ‘आज नाही.’ मी गोंधळले, कारण तोवर मलाच त्या व्यायामाची ओढ लागली होती. तेव्हा नियम समजले. पाणी पुन्हा साठत असेल, विश्रांतीतही दम असेल, छातीत दुखत असेल, ठोके बिघडले असतील, ताजा झटका येऊन गेला असेल, तर हा व्यायाम नाही. फुफ्फुसाभोवती हवा शिरून ते मिटण्याचा प्रकार पूर्वी झाला असेल किंवा कानाचा पडदा फाटलेला असेल, तर आधी डॉक्टरांना विचारायचं. मधेच चक्कर आली, बोटावरचा ऑक्सिजन उतरला तर तिथेच थांबायचं. औषध आधी, मीठ-पाण्याचं पथ्य आधी. व्यायाम त्यांच्या मागून. औषधाची मात्रा बदलल्यावर पाणी उतरलं आणि मगच झडप पुन्हा उघडली.

सुट्टीआधी कॉरिडॉरमध्ये सहा मिनिटांची चाल घेतली. तीस मीटरच्या दोन टोकांना खुर्च्या, मधे अण्णा, मागे मॅडम घड्याळ घेऊन. वॉर्डात आल्यावरच्या पहिल्या चालीत त्यांना निम्म्यातच बसावं लागलं होतं. या वेळी ते सहाच्या सहा मिनिटं चालले. याचं श्रेय मी नळीला देत नाही. अंगातलं पाणी निघालं होतं, नव्या गोळ्या लागू पडत होत्या. एवढ्या थोड्या दिवसांत स्नायू काही बदलत नसतो. तिथे एक सवय लागली, आणि हा व्यायाम आपल्याला झेपतो असा भरवसा आला.

दवाखान्याचा खर्च महात्मा फुले योजनेत बसला. नळी आम्ही विकत घेतली. तीन गोळ्यांच्या उपकरणाच्या कितीतरी पट महाग, आणि ती मागवावी लागली. पहिले काही आठवडे अण्णा माझ्याकडे नांदेडला राहिले. खरं अवघड काम इथून पुढे होतं. आईला पापड, लोणचं, ठेचा, शेंगदाण्याची चटणी ताटातून काढणं म्हणजे नवऱ्याला उपाशी ठेवणं वाटायचं. दिवसाला दीड लिटर पाणी, तेही मराठवाड्याच्या उन्हात. रोज सकाळी वजन. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच फोन. या सगळ्याचा कागद दवाखान्याने नीट दिला होता. श्वासाच्या व्यायामाची मात्र त्यावर एक ओळही नव्हती. मॅडमनी स्वतः पेनाने मागे लिहून दिलं: बारा, सकाळ-संध्याकाळ, कधी थांबायचं, जोर कधी वाढवायचा. तो मागचा मजकूर नसता तर नळी कपाटात गेली असती, याची मला खात्री आहे.

हे मला मनापासून खुपतं. लातूर-नांदेडच्या पट्ट्यात फिजिओथेरपी शिकलेली मुलं-मुली आहेत. मीटर लहान आहे, मोजणीला फार वेळ लागत नाही. तरी हृदयाच्या रुग्णाचा श्वासाचा जोर मोजला जाईल की नाही हे त्या वॉर्डात कोण भेटतं यावर ठरतं. गुडघा बदलला की फिजिओथेरपी हवी हे आता खेड्यातही माहीत आहे. हृदयाच्या रुग्णाच्या घरी ‘गोळ्या घ्या, आराम करा’ याच्या पुढे काही पोचत नाही. ज्यांना जिने चढवत नाहीत, अंगणातही फिरवत नाही, त्यांनाच बसल्या जागी करता येणारा हा व्यायाम आहे. तोच त्यांच्यापर्यंत येत नाही. सुट्टीच्या कागदावर वजन आणि मिठाच्या शेजारी श्वासाच्या ताकदीचा आकडा छापलेला असावा, आणि पुन्हा कधी मोजायचा त्याची तारीख.

घरी अण्णा आधी कंटाळले. वॉर्डात मॅडम होत्या, इथे भिंत. मग त्यांनी वेळ बांधून घेतली: सकाळी दूध आल्यावर आणि संध्याकाळी रेडिओवर बातम्या लागण्याआधी. पोट भरलेलं असताना नाही. झाल्यावर नळी साबणाच्या कोमट पाण्यात धुवायची, झटकून फडक्यावर उपडी ठेवायची. आत ओल राहू द्यायची नाही. मी आकडा वाढवू का असं फोनवर विचारलं तर मॅडमनी नाही म्हटलं. आधी मोजायचं. काही आठवड्यांनी लातूरला तपासणीला गेलो तेव्हा चाळीसचे अठ्ठावन्न झाले होते, आणि फिरकी बारावरून सतरावर गेली. अण्णा आता दोन उश्यांवर झोपतात. गावाकडे परतल्यावर घरापासून मारुतीच्या पारापर्यंत न थांबता जातात, परत येताना एकदा बसतात. पंपिंग पस्तिसाच्या आसपास आहे. डॉक्टर म्हणतात, हे गोळ्यांचं काम. मी गोळ्यांना तेवढं श्रेय देते.

गावात नळीची बातमी पसरली. शेजारचे दमेकरी काका दोनदा मागायला आले, ‘एक डाव ओढून बघतो की.’ अण्णांनी दिली नाही. एकाच्या तोंडातली दुसऱ्याने घ्यायची नाही हे एक, आणि यांचा आकडा कुणी मोजलेला नाही हे दुसरं. भावाने सोयाबीनची रास झाल्यावर त्यांना मोटारसायकलवर बसवून त्याच मॅडमकडे नेलं. मोजणीत त्यांच्या श्वासाच्या स्नायूंची ताकद पुरेशी निघाली. त्यांना नळीची गरजच नव्हती. इतकी वर्षं ते दम्याचा पंप तोंडात मारून लगेच श्वास सोडून देत होते, औषध आत जातच नव्हतं. मॅडमनी त्यांना पंप दाबताना सावकाश ओढून, आत धरून, दहा आकडे मोजायला शिकवलं, आणि तालुक्याच्या डॉक्टरांच्या नावे तसं लिहूनही दिलं.